जहूरभाईंची डावी बाजू

जहूर होडेकर कतारला आले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, आणि ही गोष्ट घडली तेव्हा त्यांना इथे येऊन सत्तावीसच वर्षं झाली होती. आधी पाण्याच्या टँकरवर क्लीनर, मग टँकरचाच ड्रायव्हर, मग एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बावीस सीटच्या बसवर. राजापूरच्या खाडीकाठी त्यांचं गाव. घरी बायको ताहेरुन्निसा आणि दोन मुलं. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी, बाकी सगळा संसार फोनवर. सत्तावीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. कंपनीच्या ऑफिसात रहमान नावाचा मल्याळी डिस्पॅचर बसायचा, तो नव्या पोरांना सांगायचा, "जहूरभाई के साथ दो दिन घूमो, फिर स्टिअरिंग को हाथ लगाओ."

जहूरभाई माणूस कमी बोलणारा. गाडीत गाणी लावायचा नाही. प्रवासी उतरले की सीटखाली वाकून कुणाचं काही राहिलंय का ते बघायचा. एवढीच त्याची ओळख, आणि ती त्याला पुरेशी वाटत होती.

भीती शिरली ती चहाच्या कपातून. आदल्या जूनमध्ये एकदा खोलीवर जेवण झाल्यावर त्यांनी हात लांबवला आणि डाव्या बाजूला ठेवलेला भरलेला कप खाली गेला. कप तिथे आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. शेजारचा हसला, तेही हसले. मग दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायला लागला. एकदा नाही, आठवड्यातून तीन-तीनदा. मग सप्टेंबरमध्ये अल मन्सूराच्या सिग्नलला जेवणाचे डबे पोचवणारा एक मोटरसायकलवाला डावीकडून अचानक समोर उगवला. अगदी हवेतून आल्यासारखा. जहूरभाईंनी ब्रेक मारला, त्याने हात हलवून शिवी दिली आणि निघून गेला. पुढचा सिग्नल येईपर्यंत जहूरभाई मान वळवून डावीकडेच बघत राहिले. तो हवेतून आला नव्हता, हे त्यांना कळत होतं.

त्यांच्या आईचे डोळे असेच गेले होते. म्हातारपणी नाही, पन्नाशीतच. ती अंगणातून चालताना भिंतीला हात लावून चालायची. समोर धरलेली सुई ओवायची, पण शेजारी येऊन बसलेला नातू तिला दिसायचा नाही. बांबूच्या नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं म्हणायची. मग नळी अरुंद होत गेली, आणि एका पावसाळ्यात मिटली.

चष्म्याचा नंबर तपासायचं निमित्त करून ते अल मन्सूरातल्या एका चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने त्यांची हनुवटी यंत्रावर ठेवली, डोळ्यांत हवेचा फवारा मारला, आकडे बघितले आणि परत मारला. मग त्याचा आवाज बदलला. "चाचा, प्रेशर बहुत ज्यादा है. चश्मे से कुछ नहीं होगा. हॉस्पिटल जाओ, इसी हफ्ते." त्याने चिठ्ठीही लिहून दिली. जहूरभाईंनी ती घडी करून बसमध्ये डोक्यावरच्या सनशेडमध्ये खोचली. तो आठवडा गेला. मग पाच महिने गेले.

कारण हॉस्पिटलात गेलं की कागद होणार. कागद झाला की लायसन्स जाणार. लायसन्स गेलं की नोकरी, आणि नोकरी गेली की बताका. या ओळखपत्रावरच त्यांचं इथलं राहणं टिकून होतं. मधल्या काळात लायसन्सचं नूतनीकरण झालं. समोरच्या पाटीवरची अक्षरं त्यांनी घडाघडा वाचली, कारण समोरचं त्यांना दिसत होतंच. शिक्का मारून घेताना मात्र चोरी केल्यासारखे त्यांचे तळहात घामाने भिजले होते.

चष्म्याच्या दुकानातून आल्यावर लगेचच एक दिवस त्यांनी आरशासमोर उभं राहून उजवा डोळा हाताने झाकला होता. डाव्या डोळ्याला आरशात कान आणि जबड्याचा तुकडा, एवढंच दिसलं. बाकी काळोखही नाही. नुसतं काहीच नाही. त्यांनी हात झटकन काढला, आणि परत तसं करून बघायची त्यांची छाती झाली नाही.

त्या साली हिवाळ्यात दोनदा चांगला पाऊस पडला. फेब्रुवारीच्या शेवटी, रमजान पंधरा-एक दिवसांवर आलेला असताना, उत्तरेकडच्या सखल जमिनींवर हिरवळ उगवली आणि तिच्यात जांभळी फुलं आली. मोबाइलवर फोटो फिरले. दर शुक्रवारी दोह्यातून गाड्याच्या गाड्या फुलं बघायला आणि शेतांवर फिरायला निघायला लागल्या. रहमानकडे बुकिंगची रांग लागली.

"जहूरभाई, तुम्हारे लोग हैं," रहमान म्हणाला. "मराठी. सतरा जण, बच्चे भी हैं. अल खोरच्या पुढचा मजरा, सकाळी सात ते अकरा. जुम्म्याच्या आधी वापस." शेवटची वाक्यं त्याने अर्थात हिंदीतच सांगितली, पण जहूरभाईंच्या डोक्यात ती आपोआप मराठीत उतरली, तशी ती नेहमीच उतरत. मजरा म्हणजे इथलं शेत. "नको" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. मग रहमान विचारेल, का नको? त्यांनी किल्ली घेतली.

शुक्रवारी सकाळी अल मन्सूराच्या मेट्रो स्टेशनजवळ मंडळी उभीच होती. पुढाकार घेणारा गजेंद्र, नाशिककडचा, गॅस कंपनीत इंजिनियर, उंच आणि मोठ्या आवाजाचा. जहूरभाई मराठी बोलतात हे कळताच त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अरे, आपलेच निघाले हे!" लोक हसत हसत चढले. पिशव्यांमधून थालीपिठांचा आणि लोणच्याचा वास आला. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर नयना नावाची एक बाई आणि तिची सात वर्षांची मुलगी बसली. मुलीचं नाव ईश्वरी. तिची बडबड सुरू झाली ती थांबेना. आई मराठीत विचारायची, मुलगी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची.

"अंकल, हाऊ मेनी किलोमीटर्स?" तिने मागून विचारलं.

"साठ-पासष्ट, बेटा."

"इज दॅट फार?"

"न्हाय. लगेच येईल."

जहूरभाईंना ते साठ किलोमीटर सहाशेंसारखे वाटले. इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो. उत्तरेकडे जाणाऱ्या शमाल रोडवर ते गाडी सगळ्यात उजव्या लेनमध्ये ठेवत. म्हणजे बाकी सगळा रस्ता त्यांच्या डाव्या हाताला. मोठमोठ्या पांढऱ्या गाड्या मागून सूं करत यायच्या आणि त्या पुढे निघून जाईपर्यंत त्यांना दिसायच्या नाहीत. आधी टायरचा आवाज, मग काही नाही, मग एकदम समोर गाडीची पाठ. गेले पाच महिने ते डोळ्यांपेक्षा कानांनीच गाडी चालवत होते. दर मिनिटाला मान पुरती डावीकडे वळवायची, आरसा बघायचा, मान सरळ करायची. मानेचा डावा स्नायू सुजून दगड झाला होता. आज तर आवाजही नीट येत नव्हते, कारण मागे भेंड्या रंगल्या होत्या आणि टाळ्या पडत होत्या.

लुसैलचे मनोरे मागे पडले तेव्हा अगदी कानाशी एक लांबलचक हॉर्न वाजला. बस डावीकडे सरकली होती. त्यांनी स्टिअरिंग दाबून धरलं. एक पिकअप घासून जावी इतक्या जवळून गेली.

"काय माणसं असतात!" गजेंद्र मागून म्हणाला. "जरा दम नाही."

जहूरभाईंनी मान वळवून परत आरसा बघितला. चूक त्यांची स्वतःचीच होती. पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत गेली. एसीचा झोत थेट अंगावर येत होता, तरीही. ते मनात कुराणातल्या आयता म्हणायला लागले, आणि म्हणता म्हणता मधलीच विसरले. मागे सतरा माणसं होती, त्यांतली सहा पोरं.

मजऱ्यावर पोचले तेव्हा त्यांची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात.

तिथला कामगार हारिस, मुलतानकडचा पाकिस्तानी, हसत पुढे आला. त्याने मंडळींना हरितगृहांमधले टोमॅटो दाखवले, काकड्यांचे वेल दाखवले, पोरांना शेळीची करडं उचलून दिली. जहूरभाई एरवी गाडीतच थांबत. पण गजेंद्र ऐकेना. "चला हो जहूरभाई, रोज गाडीच बघता. आज फुलं बघा." ते सगळ्यांच्या मागून निघाले. वाफ्याच्या कडेने पाण्याची काळी नळी गेली होती, तिच्यात त्यांचा डावा पाय अडकला आणि ते गुडघ्यावर आले. कुणी बघितलं नाही. त्यांनी धूळ झटकली आणि मग पायाखाली बघतच चालले.

शेतामागे जमीन उतरत जाऊन एक रुंद खोलगट भाग तयार झाला होता. पावसाचं पाणी तिथे साठून मुरलेलं. सिद्रची, म्हणजे आपल्या बोरीच्या जातीची, वीस-पंचवीस जुनी झाडं तिथे उभी होती. त्यांच्या सावलीत, खोडांच्या मधून, पलीकडच्या चढापर्यंत जांभळा रंग पसरला होता. वारा आला की तो सगळा एका बाजूला झुकायचा. इतका वेळ गलका करणारी मंडळी गप्पच झाली.

"कासच्या पठारासारखं," नयना हळू म्हणाली. "पण झाडांखाली."

"केवढं पसरलंय! त्या टोकापासून या टोकापर्यंत!" गजेंद्रने दोन्ही हात फाकवले.

जहूरभाईंनी बघितलं. त्यांना एक खोड दिसलं आणि खोडापाशी थोडं जांभळं. मान वळवली, दुसरं खोड, थोडं जांभळं. ते टोक आणि हे टोक त्यांना एकत्र दिसेना. बाकीच्यांना जे एका नजरेत मिळत होतं, ते त्यांना तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावं लागत होतं.  सगळे पुढे गेल्यावर ते एका झाडाच्या आडोशाला थांबले आणि पाच महिन्यांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

जांभळा रंग गेला. झाडं गेली. वर एका कोपऱ्यात नखाएवढं आभाळ राहिलं.

मोकळ्या उन्हात, लोकांच्या हसण्याच्या आवाजात, जहूरभाईंना एवढी भीती वाटली की त्यांनी झाडाला मिठीच मारली. बोरीचे काटे मनगटात रुतले. जून महिन्यात चहा सांडला तेव्हा या डोळ्याला निदान अर्धं दिसत असणार. आता तेही नव्हतं. आणि या डोळ्याने ते माणसं घेऊन इथवर आले होते.

साडेदहा वाजले. गजेंद्रने हाक मारली, "जहूरभाई, गाडी इकडेच घेता का? शशिकलाकाकूंचे गुडघे दुखतात, तेवढंच चालणं वाचेल."

शशिकलाकाकू म्हणजे गजेंद्रची सासू, पुण्याहून महिनाभर आलेली. ती एका दगडावर बसून गुडघा चोळत होती. नाही कसं म्हणायचं? जहूरभाई परत गेले, बसमध्ये बसले, सुरू केली. कच्च्या वाटेवरून पायी चालायच्या वेगाने ती झाडांजवळ आणली. वाट डावीकडे वळत होती. त्यांनी मान डावीकडे नेली, बघितलं. वाट मोकळी होती. निदान त्यांना मोकळी दिसली. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.

तेवढ्यात उजवीकडे वर कडाड असा आवाज झाला. बोरीची फांदी टपाला लागून मोडली होती. टपाला ओरखडा पडला असणार, या विचाराने त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबवली आणि फांदी बघायला म्हणून दार उघडून खाली उतरले.

उतरले आणि तिथेच उभे राहिले. पुढच्या डाव्या चाकापासून दोन हातांवर ईश्वरी बसली होती. तिच्या फ्रॉकच्या ओच्यात तोडलेली फुलं होती आणि तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

मग सगळेच ओरडले. नयना धावत आली, तिने मुलीला ओढून उचललं, छातीशी धरलं आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या पाठीत धपाटा घातला. "किती वेळा सांगितलंय, गाडीच्या समोर जायचं नाही! कळत नाही तुला?"

"देवाची कृपा," शशिकलाकाकू लंगडत येत म्हणाल्या.

गजेंद्रने जहूरभाईंचे दोन्ही खांदे धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय ब्रेक मारलात जहूरभाई! दुसरा कुणी असता ना..." 

माणसं एकामागून एक त्यांच्याशी हात मिळवायला लागली. कुणीतरी पाण्याची बाटली आणून दिली.  ब्रेक जहूरभाईंनी फांदीसाठी मारला होता. फांदी जर वीतभर वर असती, तर टपाला लागली नसती. ती लागली नसती, तर... त्यांच्या कानांत शिट्टीसारखा आवाज भरला.

ईश्वरी हुंदके देत होती. आईच्या खांद्यावरून तिने जहूरभाईंकडे बघितलं. रागाने नाही, न उमजल्यासारखं.

"आय वॉज वेव्हिंग," ती म्हणाली. "मम्मा, आय वेव्ह्ड अॅट अंकल. ही लुक्ड अॅट मी."

"खोटं बोलू नकोस. तू वाटेत बसली होतीस."

"ही लुक्ड अॅट मी!"

नयनाने पुन्हा हात उगारला. आता पोरीला मार बसणार आणि सगळे मला शाबासकी देणार, हे जहूरभाईंना दिसलं. आणि त्यानंतर त्यांनी किल्ली फिरवायची आणि साठ किलोमीटर परत जायचं.

"मारू नका तिला," ते म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांना तो परत काढावा लागला. "ताई, पोरगी खोटं बोलत नाही. मी तिच्याकडेच बघितलं. मला ती दिसली नाही."

"उन्हाने होतं हो," गजेंद्र म्हणाला.

"उन्हाने नाही. या डोळ्याने मला दिसत नाही. दुसऱ्यानेही कडेचं दिसत नाही. ब्रेक मी फांदीसाठी मारला. तिच्यासाठी नाही."

 एका करडाचं ओरडणं तेवढं लांबून येत होतं.

"कधीपासून?" नयनाने विचारलं.

"जूनपासून कळतंय."

"जूनपासून." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि तुम्ही आम्हाला इथवर आणलंत. माझी मुलगी तुमच्या मागच्या सीटवर बसली होती."

"हो."

"तुम्हाला पोरंबाळं आहेत का हो?"

"दोन आहेत."

ती वळली आणि मुलीला घेऊन लांब जाऊन बसली, गाडीकडे पाठ करून. त्यांच्याकडे तिने परत बघितलंच नाही. जहूरभाईंनी किल्ली काढली आणि गजेंद्रपुढे धरली.  "साहेब, मी आता ही चालवणार नाही. ऑफिसला फोन करतो, दुसरा ड्रायव्हर येईल. तुम्हाला थांबावं लागेल. मला माफ करा."

त्यांनी रहमानला फोन लावला. त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. 

"जहूरभाई," रहमान शेवटी म्हणाला, "यह बात फोन पे मुझे बोल दी, तो अब मैं छुपा नहीं सकता. समझते हो?"

"समजतो. म्हणूनच बोललो."

जुम्म्याची वेळ होत आली होती, दुसरा ड्रायव्हर नमाजनंतरच निघू शकणार होता. म्हणजे अडीच-तीन तास. मंडळींमध्ये कुरकुर सुरू झाली. एकाला विमानतळावर जायचं होतं, एकीच्या लेकराचं दूध संपलं होतं. हारिसने गोदामात चटया अंथरून दिल्या आणि शेळीचं दूध तापवून आणलं. मग तो जहूरभाईंना म्हणाला, "चलो चाचा, जमात का वक्त है."

मजऱ्याच्या कोपऱ्यात पत्र्याची छोटी मशीद होती. दहा-बारा कामगार जमले होते. सजद्यात कपाळ टेकलं आणि जहूरभाईंच्या मिटल्या डोळ्यांपुढे चाक आलं, आणि चाकापुढचा फ्रॉक. सगळे उठले तरी ते वाकलेलेच राहिले. हारिसने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ते दचकले, कारण हारिस डावीकडे होता.

ड्रायव्हर आला अडीच वाजता. परतीच्या वाटेवर जहूरभाई सगळ्यात मागच्या सीटवर बसले, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. भेंड्या कुणी लावल्या नाहीत. दर वळणाला त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. अल मन्सूराला उतरताना काहींनी निरोप घेतला, काहींनी नाही. शशिकलाकाकूंनी त्यांच्या हातात थालीपिठाची पुरचुंडी ठेवली आणि म्हणाल्या, "उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. परवावर ढकलू नका."

दुसऱ्या दिवशी ते गेले. सनशेडमधली चिठ्ठी बस दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यामुळे हरवली होती. तिच्यावाचून काही अडलं नाही. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. त्यांनी जहूरभाईंना एका यंत्रापुढे बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. जहूरभाई बटण हातात धरून बसले. खोलीत यंत्राची किटकिट चालू होती, म्हणजे ठिपके येत होते. त्यांना दिसत नव्हते. एकदा तर न दिसताच बटण दाबायचा मोह झाला.

"काचबिंदू," असं त्यांनी ताहेरुन्निसाला फोनवर सांगितलं. "डाव्याचं गेलं ते गेलं. परत येणार नाही. उजव्याचं निम्मं आहे. औषधाने ते टिकेल म्हणतात. टिकेलच असं नाही."

"अवो, तुमी जूनपासून मला बोलला नाय?"

"नाही."

"रोज फोन करीत होतात. जेवलो, झोपलो, सगळं सांगत होतात. आणि ह्ये नाय?"

त्यांना रडू आलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "या घरी."

लायसन्स आठवड्यातच जमा झालं. कंपनीने घरी पाठवलं नाही, पण ठेवून घेतो असंही म्हटलं नाही. बताक्याची मुदत ऑक्टोबरपर्यंत होती, तोवर त्यांना डेपोत बसवलं. सकाळी गाड्या निघायच्या आधी टायरची हवा आणि ब्रेकचं तेल बघायचं, किल्ल्या द्यायच्या, घ्यायच्या. रहमानने नव्या पोरांना त्यांच्याकडे पाठवायचं थांबवलं होतं, मग एप्रिलमध्ये परत सुरू केलं. गजेंद्र एकदा डेपोवर येऊन भेटून गेला. बसला, चहा प्याला, फार बोलला नाही. नयना कशी आहे, पोरगी कशी आहे, हे विचारायचं जहूरभाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण गमावला, असं त्यांना वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या भेटीत एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकल्यापासून त्यांची झोप पुरती उडाली. हा आजार घरात उतरतो. आईचा तुम्हाला आला. भावंडांना, मुलांना तपासून घ्या. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणी जात नाही. आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्या डोळ्यांची भीती जहूरभाईंच्या अंगवळणी पडत चालली होती. ही नवी होती. मुलगा आफताब तीस वर्षांचा, चिपळूणला गॅरेजात. मुलगी शफा पंचवीसची, गावातल्या उर्दू शाळेत शिकवायची. दोघं टाळाटाळ करत होती. आफताब म्हणाला, मला तर लांबची पाटीसुद्धा दिसते. "मलाही दिसत होती!" जहूरभाई फोनवर इतक्या जोरात ओरडले की डेपोतली माणसं वळून बघायला लागली.

ताहेरुन्निसा दोघांना रत्नागिरीला घेऊन गेली. त्या दिवशी जहूरभाईंनी सकाळपासून काही खाल्लं नाही. किल्ल्या चुकीच्या हुकांवर अडकवल्या. तीन वाजता फोन आला. आफताबचं ठीक होतं. शफाच्या उजव्या डोळ्याचं प्रेशर वाढलेलं निघालं. नजर अजून शाबूत होती, नसेला धक्का लागला नव्हता. वेळेवर आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आता रोज थेंब घालायचे, एकही दिवस न चुकवता, जन्मभर. दर सहा महिन्यांनी तपासणी.

जहूरभाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि जमिनीवर बसले. बरं वाटावं की वाईट, ते त्यांना ठरवता येईना. 

आता ते रोज संध्याकाळी साडेसातला शफाला फोन करतात. त्यांच्या थेंबांची वेळही तीच. जूनमधल्या एका संध्याकाळी ती तुटक तुटक बोलत होती.

"काय झालं गो?" त्यांनी विचारलं.

"अब्बा, मला भीती वाटते."

यावर बापाने काय म्हणावं ते त्यांना ठाऊक होतं. भिऊ नको, काही होत नाही, अल्ला आहे. त्यांनी त्यातलं काही म्हटलं नाही.

"मलाही वाटते," ते म्हणाले. "रोज वाटते. आज घातलेस काय थेंब?"

"अजून नाय."

"मग घाल. मी फोन धरून आहे."